हुलगा, मटकी आणि अवर्षण : अहमदनगर जिल्ह्यातील दुर्लक्षित कडधान्यांचा इतिहास

प्रस्तावना

क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असा अहमदनगरचा उल्लेख नेहमी केला जातो. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. प्रस्तुत निबंधातील बहुतेक घटना त्यापूर्वीच्या असल्याने विवेचनात जुने नाव कायम ठेवले आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीच्या परिसराला, सह्याद्रीचा पाऊस झोडपून काढतो. तेथून सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेला पाथर्डी, आणि दक्षिणेकडे कर्जत, जामखेड, श्रीगोंदा हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. तेथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर ते बरे साल समजले जाते, आणि तोही जून-जुलैमध्ये थोडा, ऑगस्टमध्ये उघडीप व सप्टेंबरमध्ये पुन्हा जोर अशा दोन तुकड्यांत येतो.

या जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. कालवे, ऊस, सहकारी साखर कारखाने, दुष्काळी कामे आणि अलीकडे पाणलोट क्षेत्र विकास हे त्याचे ठरलेले विषय होत. परंतु या जिल्ह्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या जी कडधान्ये पिकली, त्यांची दखल इतिहासकारांनी क्वचितच घेतली. हुलगा (कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तो) आणि मटकी ही त्यांपैकी दोन प्रमुख पिके. वाल व चवळी ही त्यांची भावंडे. तूर आणि हरभरा यांना बाजारपेठ, हमीभाव व संशोधन या तिन्हींचे पाठबळ मिळाले असल्याने ती येथे विचारात घेतलेली नाहीत.

हवामानबदलाच्या चर्चेत अवर्षणास तोंड देणाऱ्या पिकांचे पुनर्मूल्यांकन व्हावे, अशी मागणी कृषिशास्त्रज्ञ करीत आहेत. ही पिके मागे कशी पडली हे समजल्याशिवाय असे मूल्यमापन पुरे होणार नाही. त्यांना मागे टाकणारे निकष आजही वापरात आहेत काय, हा प्रश्न या निबंधाच्या मुळाशी आहे.

मातीखालचे दाणे

दायमाबादचे नाव निघाले की कोणालाही प्रथम आठवतो तो ब्राँझचा रथ. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि पुढे १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी केले. ब्राँझच्या वस्तूंवर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या शतांश भागही तेथील जळालेल्या दाण्यांच्या वाट्याला आली नाही. ताम्रपाषाणयुगीन थरांतून मिळालेल्या या दाण्यांत जव, गहू, मसूर, वाटाणा यांच्याबरोबर मूग-उडीद वर्गातील कडधान्ये आणि कुळीथही आहे. म्हणजे या जिल्ह्याच्या भूमीशी कुळिथाचे नाते किमान तीन हजार वर्षांचे आहे.

जिल्ह्याच्या सीमेलगत, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. तेथील पुराव्यावरून म. के. ढवळीकर यांनी मांडलेला विचार आपल्या विषयाला जवळचा आहे. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास दख्खनचे हवामान अधिक कोरडे झाले, शेती उतरणीला लागली, चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक पशुपालनाकडे वळले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दायमाबादची वसतीही याच सुमारास उठली. हवामान हेच एकमेव कारण मानावे काय, याविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. इतके मात्र म्हणता येईल की, बदलत्या पर्जन्यमानाला तोंड देण्याचा प्रसंग या प्रदेशातील शेतकऱ्यावर आज प्रथमच आलेला नाही, आणि त्या जुन्या प्रसंगाच्या काळीही कुळीथ त्याच्या घरात होता.

कुळीथ हे मूळचे भारतीय पीक आहे. द्वीपकल्पीय भारतातील नवाश्मयुगीन स्थळांवर मूग आणि कुळीथ ही कडधान्ये लहान दाण्यांच्या तृणधान्यांसह आढळतात, हे वनस्पती-पुरातत्त्वाच्या संशोधनाने आता स्थिर केले आहे. गहू, जव, मसूर ही पिके पश्चिम आशियातून आली. कुळीथ येथल्याच कोरड्या माळरानावरून माणसाने उचलला. एका अर्थाने जिल्ह्याच्या पीकपद्धतीत तो सर्वांत जुना रहिवासी ठरतो.

ग्रंथांतील नोंदी

संस्कृत वाङ्मयात कुलत्थ, मकुष्ठ (मटकी) आणि निष्पाव (वाल) ही नावे वारंवार येतात. पाणिनीने कुलत्थ शब्दासाठी स्वतंत्र नियम दिला आहे. कुळिथाने संस्कारित केलेल्या पदार्थाला ‘कौलत्थ’ म्हणतात, ते त्या नियमानुसार. व्याकरणकाराला नियम करावा लागला याचा अर्थ तो पदार्थ रोजच्या बोलण्यात होता.

कौटिलीय अर्थशास्त्रातील सीताध्यक्षाच्या प्रकरणात पिकांचे पेरणीच्या क्रमाने तीन वर्ग केलेले आहेत. भात, कोद्रू, तीळ प्रथम पेरावयाचे. मूग, उडीद मधल्या काळात. आणि कुलत्थ हा मसूर, जव, गहू यांच्यासमवेत शेवटी. अर्थशास्त्राचा पुरावा थेट दख्खनला लावणे धाडसाचे होईल. तरीही हा क्रम लक्षणीय आहे, कारण नगर जिल्ह्यातील हुलग्याचे स्थान आजही असेच शेवटचे आहे. मृगाचा पाऊस हुकला, आर्द्रा-पुनर्वसू कोरडी गेली, बाजरीची वेळ टळली, तर आश्लेषा-मघात जे पेरता येते ते हुलगा. कृषी विभागाच्या आपत्कालीन पीक नियोजनातही उशिरा आलेल्या पावसासाठी हुलग्याची शिफारस असते. दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि आजचे शासकीय नियोजन यांत असे साम्य सहसा सापडत नाही.

इंग्रजी कागदपत्रांत या पिकांचा शोध घेणाऱ्याला एक अडचण येते ती नावांची. जुन्या कागदांत कुळिथाचा उल्लेख ‘डॉलिकॉस बायफ्लोरस’ असा आणि मटकीचा ‘फॅसिओलस अ‍ॅकोनिटिफोलियस’ असा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे कुळिथाला ‘मॅक्रोटायलोमा’ व मटकीला ‘व्हिग्ना’ या प्रजातीत नेले. ही नावे जुळवून न घेतल्यास दीडशे वर्षांपूर्वीचे पीक आजच्या यादीत हरवते. कुळिथाचे ‘हॉर्स ग्रॅम’ हे इंग्रजी नाव तर आणखी नडले. घोड्याच्या चंदीत व बैलाच्या खुराकात त्याचा उपयोग होता हे खरे. पण नावानेच ते जनावरांचे खाद्य ठरले आणि हुलग्याचे माडगे व शेंगोळी जेवणारी माणसे नजरेआड झाली.

गॅझेटियर आणि मिश्रपीक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्याला वाहिलेला सतरावा खंड जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादकत्वाखाली १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शेतीच्या प्रकरणात कडधान्यांची नोंद पीकवार आहे. कुळीथ आणि मठ (मटकी) यांची नावे त्यात स्वतंत्रपणे येतात. वसाहतकालीन प्रशासनाला महसुलासाठी प्रत्येक पिकाची गणती हवी होती. तिचा हेतू कोणताही असो, आजच्या अभ्यासकाला ती उपयोगी पडते.

त्या काळच्या पेरणीची रीत समजून घेतल्याशिवाय मात्र या आकड्यांचा अर्थ लागत नाही. हुलगा आणि मटकी ही पिके बहुधा बाजरीच्या पोटात घेतली जात. पाभरीचे एक नळकांडे बुजवावयाचे, तिच्या मागे दोरीने मोघण बांधावयाचे आणि रिकाम्या तासात हाताने मटकी, हुलगा किंवा तूर सोडावयाची. एका शेतात तीन-चार पिके उभी राहत. बाजरी वर जाई, मटकी जमिनीला चिकटून पसरे व तिच्या वेलाखाली ओल टिके, तुरीचे मूळ खाली उतरे. पाऊस मध्येच तुटला तर बाजरी वाळे, पण मटकी काही ना काही देऊन जाई. पाऊस लांबला तर तूर हाती लागे. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात हे शास्त्र त्या शेतकऱ्याला ठाऊक नसेल. कडधान्याच्या बेवडावर पुढील पीक चांगले येते हे मात्र तो जाणून होता. ‘बेवड’ या शब्दातच ते ज्ञान साठवलेले आहे.

अशा शेतातील मटकीचे क्षेत्र किती धरावयाचे? गणना करणाऱ्यास हा प्रश्न नेहमीच पडला असणार. मुख्य पीक बाजरी म्हणून सगळे क्षेत्र बाजरीखाली मांडले की मटकी दिसेनाशी होते. अंदाजाने वाटणी केली की आकडा नावापुरता राहतो. त्यामुळे जिल्ह्यातील हुलगा-मटकीचे जुने आकडे वास्तवापेक्षा कमी असण्याचीच शक्यता अधिक. त्यात जमीन-मोजणीची भर पडली. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर रुजविलेल्या पद्धतीत जमिनीची प्रतवारी मातीची खोली व तिच्यातील दोष पाहून आणेवारीने ठरे. हुलगा-मटकीची हलकी जमीन या प्रतवारीत तळाशी गेली. तिच्यावरील सारा कमी, म्हणून सरकारचे लक्षही कमी.

दुष्काळाची कसोटी

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत पोहोचले. हे सारे कोरडवाहू प्रदेश आहेत. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला आलेली तेजी ओसरल्यानंतर शेतकरी कर्जात बुडाला, हे दंग्यांचे नेहमी दिले जाणारे कारण आहे. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. या इतिहासात कडधान्यांचा संबंध कोठे येतो, असे विचारता येईल. सावकार धान्य देई ते सवाई-दिढीने, म्हणजे सव्वापट किंवा दीडपट परतफेडीच्या बोलीवर. आणि बियाणे हे त्या देण्यातील मोठे कलम होते. हुलगा-मटकीचे बी हेक्टरी दहा-पंधरा किलो पुरते, ते घरच्या मडक्यात राखेत घोळून ठेवता येते. या पिकासाठी सावकाराचा उंबरठा चढण्याचे कारण सहसा पडत नसावे. बाजाराशी त्याचा संबंध तुटपुंजा होता, पण कर्जाशीही तो तेवढाच तुटपुंजा होता. आजच्या मूल्यमापनात पहिली बाजू उणीव म्हणून मोजली जाते; दुसरी मोजलीच जात नाही.

तथापि या पिकांना दुष्काळावरील रामबाण उपाय ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. १८७६ मध्ये परतीच्या पावसाने दगा दिला आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. हुलगा हे उशिराच्या पावसाचे पीक; तो पाऊसच आला नाही तेव्हा त्याचाही इलाज चालला नाही. जे पीक एका प्रकारच्या अवर्षणात तारते ते दुसऱ्या प्रकारच्या अवर्षणात तारीलच असे नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात दौंड-मनमाड लोहमार्ग हे मोठे दुष्काळी काम ठरले. १८७८ मध्ये तो सुरू झाला आणि नगर शहर रेल्वेने जोडले गेले. याच काळात मजुरास रोज एक पौंड धान्य पुरेसे आहे, असा रिचर्ड टेंपल यांचा आग्रह होता. मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी त्याला विरोध केला आणि कष्टकऱ्याला अधिक धान्य व प्रथिनयुक्त आहार हवा असे मांडले. डाळ ही चैन आहे की गरज, हा वाद तेव्हापासूनचा आहे. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत जिल्हा पुन्हा होरपळला.

हॅरॉल्ड मॅन यांनी मुंबई-दख्खनमधील १८६५ ते १९३८ या काळातील पर्जन्यमानाचा अभ्यास केला. तो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळ हा पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याच्या वेळेशी अधिक बांधलेला असतो, ही गोष्ट अशा दीर्घ नोंदींतून कळते. पिकाचे मोल ठरविताना एका हंगामाचा उतारा पाहणे अपुरे का पडते, हेही त्यावरून लक्षात यावे.

कालवा, ऊस आणि ‘इतर कडधान्ये’

प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांचे रूप पालटले. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पुढे मुळा धरण झाले. या घटनांनी जिल्ह्याला संपन्नता दिली, यात शंका नाही. त्यांच्यामुळे जिल्ह्यात दोन प्रकारची शेती निर्माण झाली हेही तितकेच खरे. पाटपाण्याखालील उत्तरेत ऊस उभा राहिला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतील माणसे ऊसतोडणीसाठी कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागली. ज्या रानातून ती निघतात ते बाजरी, मटकी, हुलग्याचे रान आहे.

संशोधनाची दिशाही याच काळात ठरली. कोरडवाहू शेतीवरील संशोधन मुंबई इलाख्यात १९२३ मध्ये मांजरी येथे सुरू झाले व १९३३ पासून सोलापूर, विजापूर येथे विस्तारले. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी यांवर त्याचा भर होता; पिके मुख्यतः ज्वारी-बाजरी. साठच्या दशकात संकरित बाजरी व ज्वारी आली. संकरित वाण सलग पेरावयाचे, खत देऊन वाढवावयाचे. पाभरीमागचे मोघण या पद्धतीत बसत नव्हते. बाजरीवर गोसावी रोगाने घाला घातला तेव्हा संकरित वाणांचा उत्साह काही काळ मंदावला, परंतु मिश्रपीक पूर्वीच्या जोमाने परतले नाही.

१९७२ चा दुष्काळ हा जिल्ह्याच्या स्मृतीतील सर्वांत ठळक दुष्काळ. सलग अपुऱ्या पावसाची ती तिसरी खेप होती. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे पन्नास लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावरील सुकडी यांच्या आठवणी आजही वृद्धांच्या तोंडी आहेत. या दुष्काळातून रोजगार हमी योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. अन्नसुरक्षेचा अर्थ पुढे रेशनवरील गहू-तांदूळ असा रूढ झाला. माणसाच्या पोटाची सोय झाली, हे थोडे नव्हे. शिवारातील कडधान्याकडे मात्र अन्नसुरक्षा म्हणून पाहण्याची गरज कोणाला उरली नाही.

आज देशाच्या पीक-आकडेवारीत तूर, हरभरा, मूग, उडीद, मसूर यांना स्वतंत्र रकाने आहेत. हुलगा, मटकी, वाल, चवळी ही ‘इतर कडधान्ये’ या एका मथळ्याखाली जातात. हमीभावाच्या यादीतही नेमकी तीच पाच कडधान्ये आहेत. ज्याचा रकाना नाही त्याचा भाव नाही, ज्याचा भाव नाही त्याची खरेदी नाही, आणि मग क्षेत्र घटले की ‘शेतकऱ्यांनीच ते पीक सोडले’ असा निष्कर्ष काढला जातो. १८८४ च्या ग्रंथात ज्या पिकांना आपापली नावे होती ती शंभर वर्षांत ‘इतर’ झाली, ही गोष्ट साधी नव्हे.

राहुरीचे वाण, अकोल्याचे बी

या उपेक्षेला अपवाद नाहीत असे नाही, आणि त्यांतील दोन याच जिल्ह्यातील आहेत. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या व आज महात्मा फुले कृषी विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राहुरीच्या विद्यापीठाने हुलग्याचे ‘सीना’ व ‘माण’ हे वाण दिले. दोन्ही नावे पर्जन्यछायेतील नद्यांची, आणि त्यांपैकी सीना तर नगर शहरातून वाहते. ‘फुले सकस’ हा त्यानंतरचा वाण. मटकीचा ‘एमबीएस-२७’ हा वाणही राज्यात परिचित आहे. नव्वदच्या दशकात शुष्क प्रदेशातील कडधान्यांसाठी देशपातळीवर समन्वित संशोधन सुरू झाले. शास्त्रज्ञांनी आपले काम केले, असेच म्हणावे लागेल. तरीही या पिकांचे उत्पन्न हेक्टरी पाच क्विंटलच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. त्याला कारणे आहेत. ही पिके सर्वांत हलक्या जमिनीत, विनाखताची, इतर पेरण्या आटोपल्यावर घेतली जातात. केवडा रोगास बळी पडतात. शेंगा एकाच वेळी पक्व होत नाहीत. आणि हुलग्याचा दाणा शिजावयास वेळ लागत असल्याने शहरी स्वयंपाकघर त्याला नाखूष असते. मटकी मात्र उसळ व मिसळीच्या रूपाने टिकून आहे. आपल्या शहरांतील मिसळीच्या ताटात नगर-पाथर्डीची मटकी किती आणि राजस्थानची किती, हा स्वतंत्र शोधाचा विषय ठरावा.

दुसरा अपवाद विद्यापीठाबाहेरचा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा व इतर पिकांची गावरान बियाणी जमविली, बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी केली आणि परिसरातील स्त्रियांना त्या कामात जोडून घेतले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कार्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यामागील एक गोष्ट मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदविली पाहिजे. या बियाण्यांची जपणूक वेलाच्या मांडवाखाली, परसात व घरातील मडक्यांत झाली. शेताच्या मोजणीत ती जागा येत नाही आणि ती राखणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर बहुधा नसते. पीक-आकडेवारीतील ‘इतर’ आणि कुटुंबातील ही अदृश्य मेहनत यांचा संबंध तपासण्याजोगा आहे.

मूल्यमापनाचे निकष

पाणलोट विकासाचा जिल्ह्यातील अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची रीत घातली, सिंचनासाठी विंधनविहिरी व ऊस यांना बंदी केली. पीक निवडताना ‘एकरी किती’ याऐवजी ‘उपलब्ध पाण्यात किती’ असा प्रश्न एका गावाने विचारला आणि त्याचे उत्तर वेगळे आले. हुलगा-मटकीला हा प्रश्न विचारला तर त्यांचे स्थान वर सरकते. आणखी एक निकष काळाचा. सोयाबीन किंवा कांदा एखाद्या चांगल्या वर्षी देतो ते हुलगा कधीच देणार नाही. पण २०१२-१३, २०१४-१६, २०१८, २०२३ अशी अवर्षणाची वर्षे धरून दहा वर्षांचा हिशेब मांडला, त्यात बुडालेले बियाणे, खत व कर्ज वजा केले, तर चित्र काय दिसेल? जनावरांच्या छावण्यांवर झालेला खर्च त्यात धरला, तर हुलग्याच्या भुसकटालाही किंमत द्यावी लागेल.

या हिशेबाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने सीनेला पूर आला, जामखेड, पाथर्डी, शेवगाव या अवर्षणप्रवण तालुक्यांतील शिवारे पाण्याखाली गेली. हुलगा आणि मटकी ही पिके कोरड सोसतात, साचलेले पाणी सोसत नाहीत. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला तर हाती काही लागत नाही. बदलते हवामान म्हणजे केवळ वाढते अवर्षण असे समजून या पिकांचा पुरस्कार केला, तर आणखी एका ‘चमत्कारी’ पिकाची निराशा पदरी येईल. जुन्या शेतकऱ्याने मटकीला एकटे कधी पेरले नव्हते. तिचे मोल बाजरी आणि तुरीच्या संगतीत होते, आणि तपासावयाचे ते संगतीतच तपासले पाहिजे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने कडधान्यांतील आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटी रुपयांच्या अभियानास मान्यता दिली. हमीभावाने संपूर्ण खरेदीचे आश्वासन त्यात तूर, उडीद व मसूर यांना आहे. उशिराच्या पावसात हुलगा पेरा असे सांगणारे नियोजन आणि हुलगा विकत न घेणारी खरेदी-व्यवस्था एकाच शासनाची आहे. ऑगस्टच्या अखेरीस जामखेडच्या शेतकऱ्याने हा सल्ला मानावयाचे ठरविले, तर त्या आठवड्यात त्याला बी कोठे मिळेल याचे उत्तर कोणत्याही योजनेत सहजी सापडत नाही.

हे संशोधन पुढे नेण्यासाठी लागणारी साधने दूर नाहीत. जिल्हा पातळीवरील तक्त्यांत जी पिके ‘इतर’ होऊन विरघळली, ती गाव पातळीवर शिल्लक आहेत. तलाठ्याच्या गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकांखालील क्षेत्र आणि त्यातील घटक पिके यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः ही नोंद करतो. त्यापूर्वीच्या नोंदी तहसील कचेऱ्यांच्या दप्तरांत बांधलेल्या आहेत. पारनेर, पाथर्डी, कर्जत आणि अकोले या चार तालुक्यांतील काही निवडक गावांच्या पीकपाहणीच्या नोंदी १९७२ च्या आगेमागे दहा-दहा वर्षे तपासल्या आणि त्या त्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मोघणातून पडणारी मटकी नेमकी कोणत्या वर्षी आणि कोणत्या पिकासमोर थांबली, हे गाववार सांगता येईल. दप्तरांचा कागद जीर्ण होत चालला आहे, आणि मोघणाने पेरणी केलेली पिढीही आता थोडीच उरली आहे.